ललिता बाबर : माणदेशची एक धांव



आज मला धांवण्याच्या शर्यतींवर बोलावयाचें आहे. शर्यत ही डोळ्यांनीं पाहावयाची वस्तु. ती कानांनीं ऐकण्यांत गोडी ती काय, असें आपल्यापैकीं कोणी म्हटलें तर त्यांत नवल नाहीं. शिवाय बोलणारी कोण, तर उभें आयुष्य मुलींना भूगोल शिकविण्यांत घालविलेली एक बाई. मी जन्मांत धांवलें असेन तर ती एस्. टी. गांठण्यासाठीं. तरीहि हा विषय मीं आपण होऊन निवडला, त्याला एक कारण घडलें.

आमच्या आळींतील एक मुलगी रोज पहाटे भाट्याच्या वाळूवर धांवावयास जाते. रत्नागिरींत सपाट जागा म्हणजे एक तर समुद्रकांठची वाळू, नाहीं तर वरचा सडा. मधल्या रस्त्यांनीं धांवणें म्हणजे चढ तरी नाहीं तर उतार तरी. एके दिवशीं या मुलीचे वडील माझ्याकडे आले. म्हणाले, “बाई, तुमचें ती ऐकते, म्हणून आलों. तीन वर्षें झालीं, लांबच्या शर्यतींत ही पहिली येते. आतां म्हणते, ती सोडतें आणि अडथळ्यांची धरतें. जींत बक्षीस हातचें, ती टाकावयाची, आणि जींत तोंडघशीं पडावयाचें, ती घ्यावयाची, हा कुठला शहाणपणा?” मुलीस मीं चार शब्द सांगावे अशी त्यांची अपेक्षा. मीं त्यांना बसविलें, चहा दिला, आणि त्यांनाच ललिता बाबरची हकीकत सांगितली. ती सांगतांना मलाहि कित्येक गोष्टी नव्यानें उमगल्या. त्या आज आपणांपुढें ठेवीत आहें.

ललिता ही सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यांतील मोही या गांवची. जन्म २ जून १९८९ चा, शेतकऱ्याच्या घरचा. मी तिचा उल्लेख एकेरीच करणार आहें. पुढें ती मोठ्या अधिकारावर चढली, हें मला ठाऊक आहे. परंतु धांवणाऱ्या मुलीला ‘अहो-जाहो’ करणें माझ्या जिभेस जमत नाहीं.

माणदेश हा मुलूख आपणांपैकीं पुष्कळांस व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’ या पुस्तकामुळें माहीत असेल. मला तो नकाशावरून माहीत. नैर्ऋत्येकडून येणारा पावसाळी वारा प्रथम आमच्या किनाऱ्यावर येतो आणि सह्याद्रि चढतां चढतां आपलें ओझें टाकून देतो. आमच्या वाट्यास वर्षाला सव्वाशे इंचांच्या घरांत पाऊस पडतो. घाट ओलांडून तोच वारा पूर्वेस पन्नास मैल गेला कीं रिता होतो. माणांत वीस इंच पाऊस झाला तरी लोक वर्ष बरें गेलें म्हणतात. म्हणजे आम्ही छत्र्या सांवरीत चिखल तुडवीत असतों, तेव्हां त्याच ढगांकडे तोंड करून तिकडचीं माणसें उभीं असतात. ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ ही व्याख्या मीं वर्षानुवर्षें मुलींकडून पाठ करून घेतली. त्या छायेंतून एक मुलगी निघावी, आणि तिचें नांव पाण्याच्या खड्ड्यावरून उड्या मारण्याच्या शर्यतीशीं कायमचें जोडलें जावें, याला योगायोगच म्हणावयाचें. दुसरा योगायोग असा कीं, याच शर्यतींत पुरुषांमध्यें भारताचें नांव वर नेणारा अविनाश साबळे हाहि अशाच कोरड्या मुलखांतला, बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यांतला. २०२२ सालीं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल सामन्यांत त्यानें रौप्यपदक मिळविलें. अवर्षणाचा आणि दमाचा कांहीं संबंध आहे काय, हें शास्त्रज्ञांनीं सांगावें. मी फक्त नकाशा दाखवितें.

ललितेचें पहिलें मोठें यश २००५ सालचें. पुण्यास वीस वर्षांखालील राष्ट्रीय स्पर्धा झाल्या, त्यांत तिनें सुवर्णपदक घेतलें. तेव्हां ती सोळा वर्षांची होती. पुढें धांवण्याच्या जोरावर तिला रेल्वेंत नोकरी लागली. मधल्या वर्षांविषयीं फारसें सांगण्यासारखें नाहीं. खेळाडूच्या आयुष्यांत असा पुष्कळसा काळ नुसता पायाखालीं जातो. मग मुंबईची मॅरेथॉन आली. जानेवारींतल्या एका सकाळीं ४२ किलोमीटर १९५ मीटर धांवावयाचें. तिच्यांत भारतीय स्त्रियांमध्यें ललिता २०१२ सालीं पहिली आली, २०१३ सालीं पहिली आली, आणि २०१४ सालींहि पहिली आली.

या पल्ल्याचा मराठी मुलखाशीं संबंध जुना आहे, म्हणून जातां जातां एक सांगतें. १९२० सालीं अँटवर्पच्या ऑलिंपिक सामन्यांत भारताकडून मॅरेथॉन धांवले ते बेळगांवचे फडेप्पा चौगुले. त्यांचा क्रमांक १९ वा लागला आणि त्यांना २ तास ५० मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागला. त्या वर्षींचा मार्ग आजच्याहून अर्ध्या किलोमीटरनें लांब होता, हें त्यांच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. परंतु चौगुले धांवले त्या काळीं ही शर्यत एखाद्या बाईनें धांवावी, ही कल्पनाच कोणाच्या मनांत शिरली नसती. स्त्रियांसाठीं ऑलिंपिकमध्यें मॅरेथॉन ठेवली गेली ती १९८४ सालीं, म्हणजे चौसष्ट वर्षांनीं.

इतका उशीर कां झाला, याची हकीकत मला नेहमीं हळवें करते. ती एका जपानी मुलीची हकीकत आहे. तिचें नांव किनुए हितोमी. १९०७ सालीं ती ओकायामा प्रांतांत जन्मली. ओसाकाच्या माइनिची या वृत्तपत्रांत ती काम करीत असे. १९२८ सालीं अॅम्स्टरडॅमला स्त्रियांच्या मैदानी शर्यती ऑलिंपिकमध्यें प्रथमच ठेवल्या गेल्या, तेव्हां जपाननें तिला पाठविलें. तिचा खरा हातखंडा लांब उडीचा आणि थोड्या पल्ल्याच्या धांवेचा. लांब उडी त्या वर्षीं बायकांसाठीं ठेवलीच नव्हती. १०० मीटरच्या शर्यतींत ती उपांत्य फेरींतच बाद झाली. एवढा सागर ओलांडून आलेली मुलगी रिकाम्या हातीं परत जाणार! तिनें ८०० मीटरच्या शर्यतींत उतरण्याचें ठरविलें. हा पल्ला तिचा नव्हता. तरीहि २ ऑगस्ट १९२८ रोजीं अंतिम शर्यतींत तिनें जर्मनीच्या लीना राड्केच्या पाठोपाठ रेषा ओलांडली. दोघींमध्यें सेकंदाच्या आठ दशांशांचें अंतर होतें. ऑलिंपिकमध्यें पदक मिळविणारी ती पहिली जपानी स्त्री.

शर्यत संपल्यावर दमलेल्या मुली गवतावर पडल्या, बसल्या. पुरुष धांवूनहि पडतातच. पण दुसऱ्या दिवशींच्या वर्तमानपत्रांनीं असें चित्र रंगविलें, कीं जणूं तेथें मोठा अपघातच झाला. बायकांच्या देहाला हा ताण सोसत नाहीं, असें मोठमोठ्या पुरुषांनीं ठरवून टाकलें, आणि ८०० मीटरची ती शर्यत बंद झाली. ती पुन्हां सुरू झाली १९६० सालीं, रोम येथें. बत्तीस वर्षें बायकांसाठीं ऑलिंपिकचें जग २०० मीटरवर येऊन थांबत असे. हितोमी हें पाहावयास राहिली नाहीं. १९३१ सालीं न्यूमोनियानें ती वारली. वय अवघें चोवीस, आणि तारीख पुन्हां २ ऑगस्टच.

मग एक एक दार उघडत गेलें. १५०० मीटर १९७२ सालीं, मॅरेथॉन १९८४ सालीं, १०,००० मीटर १९८८ सालीं, ५,००० मीटर १९९६ सालीं. सर्वांत शेवटीं, २००८ सालीं बीजिंगला, ज्या शर्यतीची आज मला हकीकत सांगावयाची आहे, ती स्टीपलचेस.

हा शब्द आला घोड्यांच्या शर्यतीवरून. एका गांवच्या देवळाच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गांवच्या मनोऱ्यापर्यंत, वाटेंत कुंपण येवो कीं ओढा येवो, सरळ घोडा घालावयाचा, अशी ती मूळची खेळी. माणसांच्या शर्यतींत ३००० मीटर धांवावयाचें. वाटेंत २८ वेळां लांकडी अडसर येतो आणि ७ वेळां पाण्याचा खड्डा. स्त्रियांसाठीं अडसराची उंची अडीच फूट. उंची फार नाहीं, असें आपणांस वाटेल. परंतु साध्या अडथळ्यांच्या शर्यतींत पाय लागला तर अडथळा पडतो, येथें अडथळा हलत नाहीं, धांवणारी पडते. पाण्यापाशीं तर अडसराच्या पलीकडे बारा फूट लांबीचा खड्डा, अडसराजवळ खोल आणि पुढें उथळ होत गेलेला. बहुतेक जणी अडसरावर एक पाय ठेवून पुढें झेप घेतात आणि शेवटच्या उथळ पाण्यांत दुसरा पाय टाकून बाहेर पडतात. जोडे भिजतात, जड होतात, आणि त्याच जोड्यांनीं पुढची फेरी मारावयाची. मॅरेथॉनमध्यें एकदां लय सांपडली कीं मैलोगणती ती सांभाळावयाची असते. येथें लय सांपडते न सांपडते तोंच मोडावी लागते, आणि अशी ती पस्तीस वेळां मोडून पुन्हां जुळवावयाची. लांब पल्ल्याला संवकलेल्या पायांना याहून अवघड शिक्षा मला सुचत नाहीं.

२०१४ सालीं मुंबई तिसऱ्यांदा जिंकल्यावर ललिता या शर्यतीकडे वळली. वयाचें पंचविसावें वर्ष चालू होतें. निकोलाय स्नेसारेव्ह या नांवाचे बेलारूसचे एक शिक्षक त्या काळीं आपल्याकडील लांब पल्ल्याच्या धांवपटूंना तयार करीत असत. ललिता त्यांच्या हाताखालीं होती. (२०२१ च्या मार्चमध्यें या गृहस्थांचा अंत झाला तोहि भारतांतच, पतियाळा येथें.) देशासाठीं पदक मिळवावयाचें तर मॅरेथॉनपेक्षां स्टीपलचेसमध्यें वाव अधिक, असा हिशेब होता. हिशेब बरोबर असेल; पण तो कागदावर मांडणें वेगळें आणि अंगावर घेणें वेगळें. मुंबईंत तिचें नांव झालेलें होतें. चौथ्या वर्षींहि ती पहिली आली असती, वर्तमानपत्रांत छायाचित्र आलें असतें, आणि कोणीहि तिला विचारलें नसतें, कीं बाई, तूं याहून अधिक कांहीं करूं शकली असतीस काय? माझ्या मतें ललितेचा मोठेपणा रिओमध्यें दिसला त्याच्याहून अधिक या ठिकाणीं दिसतो. हरणारा मनुष्य मार्ग बदलतो, त्यांत विशेष नाहीं. जिंकत असतांना मार्ग बदलावयास वेगळी छाती लागते.

त्याच वर्षींच्या सप्टेंबरांत दक्षिण कोरियांतील इंचॉन येथें आशियाई सामने झाले. आपल्या रायबरेलीच्या सुधा सिंहनें २०१० सालीं ग्वांगझूला हीच शर्यत जिंकून आशियाई सुवर्णपदक आणलें होतें. तेव्हां भारताच्या मुलींना ही शर्यत अगदींच अनोळखी नव्हती. इंचॉनला बहारीनची रूथ जेबेट सर्वांच्या पुढें गेली. तिच्यामागें तिघी जणी जवळ जवळ एकाच वेळीं आल्या: चीनची ली झेन्झू, आपली ललिता आणि आपलीच सुधा. लीला ९ मिनिटें ३५.२३ सेकंद, ललितेला ३५.३७, सुधाला ३५.६४. चुटकी वाजवावयास लागतो त्याहूनहि कमी वेळांत तिन्ही जणी.

आणि मग एक विचित्र प्रकार झाला. धांवतांना जेबेटचा पाय मार्गाच्या आंत पडला, म्हणून पंचांनीं तिला बाद केलें. त्याबरोबर लीला सुवर्ण, ललितेला रौप्य आणि सुधाला कांस्य, असें ठरलें. भारतांत आनंद झाला. थोड्या वेळानें बहारीनची तक्रार मान्य झाली, जेबेटला तिचें सुवर्ण परत मिळालें, आणि सर्व जणी एक एक पायरी खालीं आल्या. ललितेच्या हातीं कांस्य राहिलें. सुधाच्या हातीं कांहींच राहिलें नाहीं. सुधाचें मला आजहि वाईट वाटतें. ललितेनें मात्र या पदकाबरोबर ३५.३७ ची ती वेळ, म्हणजे नवा राष्ट्रीय विक्रम, घरीं आणला. आणि ही शर्यत धरून तिला वर्षहि झालें नव्हतें.

आतां गंमत पाहा. २०१५ च्या जानेवारींत ती पुन्हां मुंबईच्या मॅरेथॉनला उभी राहिली. मधलें वर्ष तिनें अडसर आणि पाणी यांत घालविलें होतें. लांब पल्ला मागें पडला असेल, असें कोणासहि वाटावें. या वेळीं ती पहिली आली नाहीं, केरळच्या ओ. पी. जैशानें नवा राष्ट्रीय विक्रम करून शर्यत जिंकली आणि ललिता दुसरी आली. परंतु घड्याळ पाहिलें तर तिची वेळ २ तास ३८ मिनिटें २१ सेकंद, म्हणजे आदल्या वर्षीं जिंकतांना लागलेल्या वेळेहून दहा मिनिटांहूनहि अधिक सुधारलेली! पहिली आली तेव्हांपेक्षां दुसरी आली तेव्हां ती कितीतरी जोरानें धांवली. नुसत्या क्रमांकावर मुलांचें मोल ठरविणाऱ्या आम्हां शिक्षकांनीं हा आकडा वर्गांत लावून ठेवावयास हरकत नाहीं.

त्याच वर्षीं चीनमधील वूहान येथें आशियाई अजिंक्यपदाच्या स्पर्धेंत तिनें स्टीपलचेसचें सुवर्ण मिळविलें. ऑगस्टांत बीजिंगला जागतिक स्पर्धा झाली. प्राथमिक फेरींत ९ मिनिटें २७.८६ सेकंद अशी वेळ देऊन ती अंतिम शर्यतींत गेली आणि तेथें तिचा आठवा क्रमांक लागला. आठवा म्हटल्यावर आपण मान हलवितों. पण जगांतली आठवी, हें दोन शब्द जोडून म्हणून पाहावें.

मग २०१६ सालचें रिओचें ऑलिंपिक आलें. ललिता दोन शर्यतींना पात्र ठरलेली होती: मुंबईच्या वेळेवर मॅरेथॉनला आणि आपल्या नव्या शर्यतीला. दोन्ही धांवावें म्हटलें तर वेळापत्रक आड येत होतें. स्टीपलचेसची प्राथमिक फेरी १३ ऑगस्टला, अंतिम शर्यत १५ ऑगस्टला, आणि मॅरेथॉन मधल्या १४ तारखेस! तिनें मॅरेथॉन दुसऱ्यांदा सोडली. त्या मॅरेथॉनमध्यें नाशिक जिल्ह्याच्या सावरपाड्याची कविता राऊत मात्र धांवली. तिची हकीकत स्वतंत्र भाषणाचा विषय आहे.

१३ तारखेची फेरी मीं पाहिली. बाहेर श्रावणसरी धरल्या होत्या आणि वीज दोनदां जाऊन आली. ललितेचा आपल्या गटांत चौथा क्रमांक लागला. प्रत्येक गटांतल्या पहिल्या तिघी थेट पुढें जावयाच्या. चौथी आलेल्या मुलीस इतरांच्या वेळा लागेपर्यंत वाट पाहावी लागते. परंतु तिची वेळच अशी होती, कीं चिंतेचें कारण नव्हतें: ९ मिनिटें १९.७६ सेकंद. इंचॉनपासून दोन वर्षेंहि झालीं नव्हतीं, आणि तिनें पंधरा सेकंदांहून अधिक कमी केले होते. मीं कागदावर भागाकार करून पाहिला; प्रत्येक फेरीमागें दोन सेकंद. धांवणाऱ्यांना विचारा, एक सेकंद कमी करावयास किती पहाटा लागतात.

त्या अंतिम फेरीला फार मोठा अर्थ होता. ऑलिंपिकच्या धांवमार्गावर वैयक्तिक शर्यतींत अंतिम फेरीपर्यंत पोंचलेली भारताची मागची स्त्री म्हणजे १९८४ सालची पी. टी. उषा, लॉस एंजल्सला सेकंदाच्या एका शतांशानें जिचें पदक हुकलें ती. त्यानंतर बत्तीस वर्षांनीं ही माणदेशची मुलगी. पुन्हां बत्तीस! हितोमीनंतर ८०० मीटर परत यावयास लागलीं तींहि बत्तीसच. आंकड्यांना अर्थ असतो असें मी मानीत नाहीं, पण ध्यानांत राहतात खरे.

१५ ऑगस्ट. सकाळीं झेंडावंदन करून आलों होतों. आपल्याकडे दिवेलागणी होऊन गेल्यावर शर्यत सुटली. जेबेटनें सुरुवातीपासून अशी धांव घेतली, कीं तिच्या मागें जाणें हाच एक जुगार. जेबेट ८ मिनिटें ५९.७५ सेकंदांत आली. ललिता आपल्या जागीं, मधल्या घोळक्यांत, एक एक अडसर मागें टाकीत राहिली. शेवटच्या फेऱ्यांत पाय जड झाल्याचें दिसत होतें. दोन दिवसांपूर्वीं तिनें आयुष्यांतली सर्वांत वेगवान शर्यत काढली होती, ती कोठें तरी भरून द्यावीच लागते. ९ मिनिटें २२.७४ सेकंद, दहावा क्रमांक. पाण्यांतून शेवटची उडी घेऊन ती बाहेर आली तेव्हां मी खुर्चींतून उठून उभी होतें. केव्हां उठलें, तें कळलें नाहीं.

(जेबेटविषयीं एक खुलासा केला पाहिजे. पुढें निषिद्ध औषधाच्या सेवनाबद्दल तिच्यावर चार वर्षांची बंदी आली. तिचें रिओचें पदक मात्र तिच्याकडेच राहिलें. श्रोत्यांनीं आपापला निर्णय करावा.)

त्या वर्षीं ललितेला अर्जुन पुरस्कार मिळाला. आणि रिओ हीच तिची मोठ्या मैदानावरची शेवटची मोठी शर्यत ठरली. या शर्यतीचें तिचें सर्व आयुष्य २०१४ ते २०१६, एवढेंच. ही गोष्ट मला खटकते, आणि ती झांकून मी पुढें जाणार नाहीं. सत्ताविसाव्या वर्षीं लांब पल्ल्याच्या धांवपटूचे दिवस संपलेले नसतात. जपानकडे पाहा. तेथील मोठमोठ्या कंपन्या मुलींना नोकरींत घेतात ते त्यांनीं धांवावें म्हणून. एकीला हातांत पट्टा देऊन दुसरीनें पुढें न्यावयाची ‘एकिदेन’ नांवाची लांब पल्ल्याची सांघिक शर्यत तेथें घरोघर दूरदर्शनवर पाहिली जाते, आणि कंपनीची अब्रू तिच्यांत गुंतलेली असते. त्या पाठबळावर युको अरिमोरीनें १९९२ सालीं मॅरेथॉनचें रौप्य आणि चार वर्षांनीं पुन्हां कांस्य मिळविलें. नाओको ताकाहाशी २००० सालीं सिडनीस सुवर्ण जिंकली तेव्हां अठ्ठावीस वर्षांची होती, आणि पुढच्याच वर्षीं बर्लिनला २ तास २० मिनिटांच्या आंत मॅरेथॉन पुरी करणारी ती जगांतली पहिली स्त्री ठरली. अथेन्सला २००४ सालीं मिझुकी नोगुची. एकीच्या मागें दुसरी उभी. हितोमीला एकटीलाच बोटीनें आणि आगगाडीनें पाठविणाऱ्या देशानें सत्तर वर्षांत एवढी वाट बांधली. आपल्याकडे रेल्वे आहे, पोलीस आहे, लष्कर आहे. त्यांनीं खेळाडूंना पोटापाण्याची चिंता राहूं दिली नाहीं, हें श्रेय त्यांचें आहेच. परंतु पदक मिळालें कीं सत्कार, आणि सत्कार झाला कीं विसर, ही आपली रीत आपणच मोडावयाची आहे. त्यांत कोणा एकाकडे बोट दाखविण्यांत अर्थ नाहीं. दहावा क्रमांक आला त्या रात्रीं किती घरांतून ‘पदक नाहींच ना’ असें ऐकूं आलें असेल! आमच्याच घरांत एक पाहुणे म्हणाले.

महाराष्ट्र सरकारनें मात्र ललितेला महसूल खात्यांत अधिकाराची जागा दिली, आणि आमच्या शेजारच्या रायगड जिल्ह्यांत, माणगांव येथें, तिनें तहसीलदाराची खुर्ची सांभाळली. म्हणजे ज्या ढगांची तिच्या गांवानें वाट पाहिली त्या ढगांच्या मुलखांत ती सरकारी काम करावयास आली. सातबाराचे उतारे, पुराचे पंचनामे, दाखले. वेगळ्या तऱ्हेचे पस्तीस अडसर.

तिचा १९.७६ चा राष्ट्रीय विक्रम सात वर्षें टिकला. २०२३ च्या ऑगस्टांत बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेंत मीरतच्या बाजूची पारुल चौधरी ९ मिनिटें १५.३१ सेकंदांत धांवली आणि तो मोडला. लगेच हांगझूच्या आशियाई सामन्यांत याच शर्यतीचें रौप्य पारुलला मिळालें, आणि कांस्य प्रीति लांबाला, तीहि आपलीच. इंचॉनला सुधाच्या हातून जी पायरी निसटली, तिच्यावर या वेळीं दोघी जणी उभ्या राहिल्या.

हें सारें त्या मुलीच्या वडिलांना सांगून झालें तेव्हां चहा केव्हांच निवला होता. त्यांनीं एवढेंच विचारलें, “बाई, तीन वर्षांचाच खेळ झाला कीं हो तो?” मीं म्हटलें, होय, तीनच वर्षांचा. ते कांहीं बोलले नाहींत; छत्री उचलून गेले. मला वाटलें, आपलें बोलणें वायां गेलें.

गेल्या आठवड्यांत त्यांनीं सुताराकडून जुन्या वाशाची एक घोडी करून घेतली आहे. सुतारानें ती नेहमींच्या मापाची केली होती, ती त्यांनीं परत नेऊन तासून आणली. उंची बरोबर तीस इंच भरते कीं नाहीं, तें पट्टीनें मोजून सांगावयास मला काल बोलावलें होतें. भरते.